आईचा चेहरा आणि चार लेन्स: जुन्या काचा नेमकं काय करतात?

गिरगावची_गॅलरी · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

काका जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांचं कपाट आवरायला काढलं, तेव्हा जुन्या चादरीत गुंडाळलेला झेनिट-ई हा सोव्हिएत फिल्म कॅमेरा मिळाला. शटर अडकलेलं, चामड्याच्या कव्हरवर पांढरी बुरशी. पण पुढची लेन्स, हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२; एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं उजेड घेणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं) टॉर्च मारून पाहिली तर आतून स्वच्छ निघाली. एम४२चा (जुन्या स्क्रूच्या बैठकीचा) अडॅप्टर मागवून ती माझ्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

आईचं वय ७१. तिला फोटो काढून घ्यायला आवडत नाही, त्याला कारण मीच. दोन वर्षांपूर्वी नवी ८५ मिमी एफ/१.८ घेतली तेव्हा पहिला फोटो तिचाच काढला आणि स्क्रीनवर मोठा करून दाखवला. ती म्हणाली, "अरे, हा काय डॉक्टरला दाखवायला काढलायस?" त्यानंतर कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात निघून जायची.

परवा मात्र बसली. चाळीतल्या आमच्या गॅलरीत दुपारी साडेचारच्या सुमारास समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून ऊन उलटतं आणि सगळी गॅलरी उजळते. आई कठड्याला खांदा टेकून बसली होती. मी गॅलरीतच तिच्यापासून दीड मीटरवर. तिच्या मागे गॅलरीचं टोक, तिथे डालड्याच्या डब्यातली तुळस, आणि त्यापलीकडे वाडीतलं बदामाचं झाड. चारही लेन्ससाठी मी जागा सोडली नाही, कारण नाक-कानाचं एकमेकांशी प्रमाण अंतरावर ठरतं. फ्रेम कमी-जास्त झाली ती नंतर कापून सारखी केली.

फोटो टाकायला आईची परवानगी नाही. त्यामुळे जे दिसलं ते लिहूनच सांगतो.

नव्या ८५ला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, पापणीचा केस न् केस मोजता येतो. चष्म्याच्या काडीवरचा ओरखडा दिसतो, गालावरची छिद्रं दिसतात. मागचं झाड म्हणजे हिरव्या रंगाचा एकसारखा थर, त्यात झाड म्हणून काही उरलेलं नाही.

हेलिओसला एफ/२ वर डोळा धारदार आहे, पण पांढऱ्या केसांभोवती उजेडाची बारीक किनार आहे. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांवर चमकणारा प्रत्येक ठिपका जरासा फुललाय. काळा रंग ठार काळा नाही, राखाडीकडे झुकलाय. आणि मागे पानांतून येणारे कवडसे! आईच्या डोक्याजवळचे गोल आहेत, फ्रेमच्या कडांकडे जाताना ते चपटे होत जातात आणि सगळे मिळून तिच्या चेहऱ्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात. एफ/२.८ ला किनार बरीच ओसरते. एफ/४ ला ते फिरणंही जातं आणि लेन्स चारचौघींसारखी होते.

सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मित्राची. तिच्यातून आलेला फोटो चहा सांडल्यासारखा पिवळा. आईची पांढरी सुती साडी साईच्या रंगाची झाली, पण चेहऱ्याला ते शोभलं.

चौथी ज्युपिटर-९, ८५ मिमी एफ/२, तीही उसनी. उघड्या अ‍ॅपर्चरला ही चौघींत सगळ्यांत मऊ. पण एफ/४ ला आणल्यावरही मागचे कवडसे गोलच राहिले, कारण तिचं भोक लहान-मोठं करणारी १५ पाती आहेत. हेलिओसच्या आठ पात्यांत तेच कवडसे अष्टकोनी होतात.

आईने हेलिओसचा एफ/२.८ चा फोटो निवडला. म्हणाली, "ही मी आहे."

मला नेमकं जाणून घ्यायचंय की ह्या काचेत काय घडतं. "जुन्या लेन्सला आत्मा असतो" हे मी खूप ठिकाणी वाचलं. त्याने माझं समाधान होत नाही.

पावसाळी_छत्री · रविवार, रात्री १०:१५

किती छान लिहिलंय. बदामाच्या पानांचे कवडसे डोळ्यांसमोर उभे राहिले. वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

काचवेडा_माहीम · रविवार, रात्री ११:४०

दादा, धागा वाचून झोप उडाली. जमेल तसं सांगतो, लांबेल.

आधी ते फिरणं. लेन्स म्हणजे शेवटी एक नळी. समोरून सरळ येणाऱ्या उजेडाला नळीचं तोंड पूर्ण गोल दिसतं. कडेने तिरक्या येणाऱ्या उजेडाला पुढच्या काचेची कड आणि मागच्या काचेची कड एकमेकींवरून सरकलेल्या दिसतात. घरात दोन बांगड्या घ्या, एकीवर दुसरी अर्धवट सरकवून धरा आणि त्यांतून पलीकडे बघा. मधे जो बदामी आकार उरतो, तोच तुमच्या कडेच्या कवडशांचा आकार. हा बदाम फ्रेमच्या मध्याकडे तोंड करून उभा राहत नाही, मध्याभोवती फिरणाऱ्या दिशेला आडवा पडतो. असे शंभर कवडसे आडवे पडले की डोळ्याला भोवरा दिसतो. त्यात ह्या रचनेचं फोकसचं प्रतल सपाट नाही, वाटीसारखं वाकलेलं आहे, त्यामुळे कडांची धूसरता आणखी ओढली जाते. एफ/४ ला पात्यांचं भोक इतकं लहान होतं की नळीच्या कडा आड येतच नाहीत. म्हणून तिथे भोवरा संपतो.

आता केसांभोवतीची किनार. गोलाकार घासलेल्या काचेच्या मध्यातून गेलेले किरण एका ठिकाणी जुळतात आणि कडेतून गेलेले थोड्या वेगळ्या ठिकाणी. हे गोलीय विपथन. उघड्या अ‍ॅपर्चरला दोन्ही मिळून फोटो बनतो: खाली एक धारदार चित्र आणि त्यावर त्याच चित्राचा पातळ, पसरलेला थर. म्हणून डोळा धारदारही दिसतो आणि मऊही. एक पायरी बंद केलीत की कडेचे किरण कापले जातात आणि थर विरतो. आईंनी एफ/२.८ निवडला, तिथे हा थर नुसता नावापुरता उरतो. गालावरच्या छिद्रांची धार कमी होते, पण पापण्या हरवत नाहीत.

तिसरी गोष्ट ते राखाडी काळं. कोटिंग (उजेड परत फिरू न देणारा पातळ लेप) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. हेलिओसमध्ये सहा काचा चार गटांत आहेत, म्हणजे हवेला लागणारे आठ पृष्ठभाग. कोटिंग अजिबात नसतं तर सुमारे २८ टक्के उजेड वाटेतच भरकटला असता, आणि त्यातला काही फोटोच्या सावल्यांवर येऊन पसरला असता. झाइस ह्या जर्मन लेन्स कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये कोटिंगची युक्ती काढली, तिने हे पुष्कळ आटोक्यात आलं. तुमच्या हेलिओसवर एकाच थराचं कोटिंग आहे. आजच्या लेन्सवर अनेक थर असतात. त्या दोहोंमधला फरक म्हणजे तुमचे राखाडी मणी.

हेलिओसचं मूळ रशियातलं नाही. येना इथल्या झाइसची बायोटार ५८ मिमी एफ/२, तिची ही लेक. महायुद्धानंतर भरपाई म्हणून यंत्रसामग्री आणि जाणकार माणसं सोव्हिएत संघात गेली, त्यांच्याबरोबर ह्या रचनाही गेल्या. ज्युपिटर-९ चंही तसंच, ती झाइसच्याच लुडविग बर्टेलेंच्या सोनार ह्या लेन्सची लेक. सोनारमध्ये सात काचा आहेत, पण बऱ्याचशा एकमेकींना चिकटवून फक्त तीन गट केलेत. हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच. कोटिंगच्या आधीच्या काळात हा मोठा फायदा होता. प्लॅनर ही लेन्सची रचना झाइसच्याच पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ लाच केली होती, बायोटार तिच्याच घराण्यातली. पण आठ पृष्ठभागांचा भरकटलेला उजेड आवरायला काही नव्हतं, म्हणून कोटिंग येईपर्यंत तिची खरी लायकी कुणाला कळलीच नाही.

ज्युपिटरबद्दल एक सावधगिरी. एफ/२ ला पापणीवर फोकस करून मग रिंग एफ/४ ला फिरवलीत तर फोकस मागे सरकतो, डोळ्याऐवजी कानाकडे. हाही त्याच विपथनाचा परिणाम. ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढणार, तिथेच फोकस करा.

निगेटिव्ह_६बाय६ · सोमवार, सकाळी ६:२०

सुप्रभात. माझं वय ६८. माझ्या मामांचा लालबागला स्टुडिओ होता, मी शाळेपासून तिथे डार्करूममध्ये हाताखाली असायचो. काचवेडा यांनी शास्त्र सांगितलं, मी धंद्यातलं सांगतो.

लग्न ठरवायचा फोटो हे मामांचं मुख्य काम. मुलीकडची माणसं यायची, चाळीत वरच्या मजल्यावरच्या कुणाची तरी पैठणी नेसून. मामा म्हणायचे, तरुण चेहऱ्याला लेन्स बंद करून घ्या, वयस्कर माणसाला उघडी ठेवा. त्यांच्याकडे यशिका होता, ८० मिमी एफ/३.५ यशिनॉन लेन्सचा, दोन डोळ्यांचा (एक लेन्स बघायला, एक फोटोला). नंतर मामिया आला. यशिका उघड्या अ‍ॅपर्चरला कडांना मऊ पडायचा, आणि मामा मुद्दाम चेहरा मधोमध ठेवून खांदे त्या मऊपणात जाऊ द्यायचे.

तरीही काम भागलं नाही तर निगेटिव्हवर पेन्सिल. टोक सुईसारखं करून मागून उजेड लावलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुरकुतीच्या जागी ठिपका ठिपका भरत जायचं. निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक असते, तिथे शिसं भरलं की प्रिंटवर ती उजळते. एका चेहऱ्याला अर्धा तास लागायचा.

आणि एक गोष्ट जी मी अजून कुठे वाचलेली नाही. मऊपणासाठी काही स्टुडिओवाले एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राच्या) लेन्सखाली नायलॉनचा मोजा ताणून धरायचे. मामांना ते मान्य नव्हतं. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये मऊपणा असेल तर उजेड सांडून सावलीत जातो, केस चमकतात, चेहरा उजळतो. एन्लार्जरखाली तोच मऊपणा आणलात तर उलटं होतं, कारण तिथे उजेड निगेटिव्हमधून येतो. सावली सांडून उजेडात जाते आणि चेहऱ्याच्या कडा धुरकट होतात. मी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून पाहिलेत. तुमच्या आईंच्या केसांभोवतीची किनार वाचली आणि मामा आठवले.

ह्या शहराला पोर्ट्रेटची फार जुनी सवय आहे. राजा दीनदयाळांनी मुंबईत स्टुडिओ काढला तो १८९६ सालीच, म्हणजे वर ज्या प्लॅनरचा उल्लेख आहे तिच्याच वर्षी. बॅलार्ड इस्टेटचा हॅमिल्टन स्टुडिओ १९२८ चा. तिथल्या जुन्या प्रिंट बघायला मिळाल्या तर सोडू नका. चेहरा कसा उजळायचा हे त्या प्रिंटसमोर उभं राहून शिकता येतं.

पावसाळी_छत्री · सोमवार, सकाळी ८:०५

काका, मामांवर वेगळा धागा काढा ना. मनापासून विनंती.

क्रॉप_सेन्सर · सोमवार, दुपारी १:३०

माझ्याकडे निकॉनचा साधा डीएसएलआर आहे, क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान). हेलिओस मिळतेय. घेऊ का?

काचवेडा_माहीम · सोमवार, रात्री ९:१०

थांबा. एम४२ लेन्सला तिच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉनच्या डीएसएलआरचं अंतर ४६.५ मिमी. म्हणजे लेन्स आधीच मिलिमीटरभर जास्त लांब बसते, त्यात अडॅप्टरची जाडी वेगळी. ५८ मिमीच्या लेन्सला एवढं पुढे ढकललं की साधारण दोन-तीन मीटरपलीकडचं काही फोकसमध्ये येत नाही. डोकं-खांद्याचं पोर्ट्रेट जमेल, पूर्ण उभ्या माणसाचं जमणार नाही. मधे भिंग असलेले अडॅप्टर येतात, पण ते बहुतेक स्वस्त काचेचे. लेन्सचा स्वभाव बघायला गेलात आणि अडॅप्टरचाच स्वभाव फोटोत उतरला तर काय उपयोग? मिररलेसना ही अडचण नाही. सोनीचं अंतर १८ मिमी, निकॉन झेडचं १६, मधे भरपूर जागा उरते.

शिवाय भोवरा सगळा फ्रेमच्या कडांना असतो. क्रॉप सेन्सर नेमक्या त्याच कडा कापतो. ५८ मिमी तुम्हाला ८७ सारखी दिसेल, पोर्ट्रेटला सोयीची, किनारही मिळेल. भोवरा मात्र अर्धामुर्धा.

तुमच्या बॉडीला सरळ बसणारं काही हवं असेल तर निकॉनचीच निक्कॉर १०५ मिमी एफ/२.५ शोधा, एआय (निकॉनच्या बैठकीची सुधारित आवृत्ती) किंवा त्यानंतरची. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवा, ती ह्याच लेन्समधून. तिच्यात भोवरा नाही, धुकं नाही. फोकसमधून धूसरतेकडे जाणं इतकं हळुवार की कान कुठे विरला ते कळत नाही. क्रॉपवर मात्र ती लांब पडेल, चाळीच्या खोलीत मागे भिंत लागेल. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर किंवा फाइव्ह गार्डन्समध्ये न्या.

तर्क_आधी · सोमवार, रात्री १०:४५

सगळं वाचलं, आवडलं. तरी माझा आक्षेप नोंदवतो.

दादांच्या तुलनेत एक मोठी गोष्ट बदललीच नाही, ती म्हणजे उजेड. समोरच्या भिंतीवरून बाजूने येणारा उजेड सुरकुती खणून काढतो. प्रत्येक सुरकुतीच्या एका काठावर उजेड आणि दुसऱ्या काठावर सावली. धारदार लेन्सने ते जसंच्या तसं दाखवलं. दोष लेन्सचा की उजेडाचा? आईंना उजेडाकडे तोंड करून बसवा आणि नव्याच लेन्सने एफ/२.८ वर काढा. माझा अंदाज, त्या "डॉक्टर" म्हणणार नाहीत.

दुसरं, मऊपणा हवा तर मिस्ट फिल्टर (लेन्सपुढे लावायची, उजेड पसरवणारी काच) मिळतो. नव्या लेन्सपुढे लावा, हवा तेव्हा काढा. जुन्या लेन्सचा मऊपणा काढता येत नाही.

तिसरं, टाकुमारच्या "उबदार रंगा"बद्दल लोक भारावून लिहितात. ती काच जुनी होऊन पिवळी पडलीय, एवढंच. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा दुरुस्त करायची सोय) लावला की ऊब संपली.

काचवेडा_माहीम · सोमवार, रात्री ११:३०

तिसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर. सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीत मागच्या बाजूला थोरियम असलेली काच आहे. थोरियमने काचेचा अपवर्तनांक (उजेड वाकवायची ताकद) वाढतो आणि रंग फारसे फुटत नाहीत, म्हणून वापरलं. पण त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षं हळूहळू पिवळी पडत जाते. आधीची आठ काचांची आवृत्ती अशी पिवळी होत नाही. अतिनील उजेड मिळाला की पिवळेपणा बऱ्यापैकी उतरतो. खिडकीत उन्हाला काही आठवडे ठेवतात, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावून. मात्र उघडं भिंग उन्हात ठेवून घराबाहेर जाऊ नका. मागे पडदा किंवा कागद असेल तर तो पेटू शकतो.

मिस्ट फिल्टरबद्दल मी सहमत नाही. फिल्टर सगळ्या फ्रेमवर सारखाच उजेड पसरवतो, त्याला पुढचं काय आणि मागचं काय हे ठाऊक नसतं. लेन्समधलं विपथन अंतराप्रमाणे वेगळं वागतं. जे मागची धूसरता मऊ करतं, तेच पुढची धूसरता कडक करतं. ट्रायोप्लान १०० मिमी एफ/२.८ ह्या जुन्या लेन्समध्ये फक्त तीन काचा आहेत, तिथे हे विपथन उलट्या बाजूला झुकलंय, म्हणून मागचा प्रत्येक कवडसा साबणाच्या फुग्यासारखा कडेला चमकतो. कुठल्याही फिल्टरने हे होणार नाही.

उजेडाचा मुद्दा चांगला आहे. दादा, तो करून बघाच.

वांद्रे_पूर्व · मंगळवार, सकाळी ९:००

थोरियम वाचून दचकले. आमच्याकडे टाकुमार आहे आणि घरात दहा महिन्यांचं बाळ आहे. काढून टाकू का?

काचवेडा_माहीम · मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, घाबरू नका. थोरियमचे बहुतेक किरण अल्फा असतात, ते काचेच्या आणि धातूच्या बाहेर फारसे येत नाहीत. कपाटात ठेवा, मागची बाजू टोपणाने झाका. बाळाच्या हातात देऊ नका, ती काच घासू-फोडू नका आणि भिंग म्हणून डोळ्याला लावू नका. फोटो काढायला काही हरकत नाही.

सिलिका · मंगळवार, रात्री ८:२०

इतक्या प्रतिसादांत मुंबईतल्या लेन्सच्या खऱ्या शत्रूचं नाव फक्त पहिल्या परिच्छेदात येऊन गेलं. बुरशी.

दादा, काकांचं ते चामड्याचं कव्हर आजच घराबाहेर काढा. चामडं ओल धरतं आणि बुरशीला खायला देतं. लेन्स आतून स्वच्छ निघाली हे तुमचं भाग्य, चादरीत गुंडाळलेली होती म्हणून हवा लागत राहिली असेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्राजवळच्या घरात लेन्स बंद बॅगेत ठेवणं म्हणजे तिला मारणं. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, एवढं पुरतं. ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवा. फार कोरडं केलंत तर फोकस रिंगमधलं ग्रीस सुकतं. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदूळही नकोत, त्यांची पावडर आत जाते.

माझी एक ज्युपिटर-९ गेली ती बुरशीने नाही, दुरुस्तीने. बारीक जाळं दिसत होतं म्हणून एका दुकानात दिली. त्यांनी घासून साफ केली, जाळं गेलं आणि त्याबरोबर कोटिंगही गेलं. आता खिडकीसमोर धरली की अख्खा फोटो दुधाळ होतो. बुरशीने आधीच कोटिंग खाल्लं असेल तर साफ करून ते परत येत नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी तशीच वापरली असती. थोडी बुरशी फोटोत दिसतही नाही.

चोर बाजारात मटण स्ट्रीटला घ्यायला जाल तर मोबाइलचा टॉर्च न्या. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. पात्यांवर तेलकट चमक आहे का बघा. हेलिओस ४४-२ ला दोन रिंगा असतात, एक आकडा ठरवायची आणि एक उघड-मीट करायची. दोन्ही फिरवून पाती मोकळी हलतात का ते पाहा. फोकस रिंग जड असेल तर ग्रीस सुकलंय, ते नीट होतं. घासलेलं कोटिंग कधीच नीट होत नाही. दुकानदाराला घाई असली तरी तुम्ही घाई करू नका.

निगेटिव्ह_६बाय६ · बुधवार, सकाळी ६:४०

सिलिका यांचा प्रतिसाद छापून कपाटाच्या दाराला लावण्यासारखा आहे. मामा पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या कपाटात ४० वॅटचा बल्ब रात्रभर पेटता ठेवायचे. त्यांच्या एकाही लेन्सला बुरशी लागली नाही.

गिरगावची_गॅलरी · रविवार, रात्री १०:३०

कव्हर फेकलं. काकांच्या हाताचा वास होता त्याला, थोडं जड गेलं. झेनिट मात्र ठेवलाय.

आज पुन्हा आईला बसवलं. तर्क_आधी यांच्या म्हणण्याप्रमाणे खुर्ची फिरवली, समोरच्या भिंतीवरचा सगळा उजेड तिच्या चेहऱ्यावर सरळ येईल अशी. नवी ८५ एफ/२.८ वर. खरंच सांगतो, फोटो चांगला आला. गालावरच्या सावल्या गेल्या आणि आईने काही नाव ठेवलं नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या त्या फोटोत निम्मी चूक मी बसवण्यात केली होती, आणि दोन वर्षं लेन्सकडे बोट दाखवत होतो. धन्यवाद, मनापासून.

मग त्याच खुर्चीत, त्याच उजेडात, हेलिओस आणि ज्युपिटर, दोन्ही एफ/२.८ वर. खुर्ची फिरवल्यामुळे मागे आता झाड नव्हतं, आमच्या खोलीची निळी भिंत होती. हेलिओसचा भोवरा नाहीसा! भिंतीवर कवडसेच नाहीत, तर फिरणार काय? बांगड्यांचा प्रयोगही केला, आईच्याच दोन बांगड्या घेऊन. बदाम दिसला तेव्हा तिलाही दाखवला.

तिन्ही फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट काढल्या, मागे फक्त पेन्सिलने आकडा. आज मावशी आली होती. दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. मावशीने ज्युपिटरची निवडली. आईने प्रिंट दोन्ही हातांत धरून खिडकीत नेल्या, चष्मा काढला, परत लावला आणि पुन्हा हेलिओसचीच दिली. विचारलं काय बघितलंस, तर म्हणाली, "ह्यात कपाळावरची आठी दिसते, पण ओरडत नाही."

मी प्रिंट शेजारी ठेवून नंतर बराच वेळ बघत बसलो. आठी तिन्हींत आहे. नव्या लेन्समध्ये तिची कड चाकूने कापल्यासारखी आहे. हेलिओसमध्ये तीच कड आहे, पण शेजारचा उजेड तिच्यावर किंचित सांडलाय. ज्युपिटरमध्ये फोकस डोळ्यावर आहे आणि कपाळापर्यंत येताना सुटायला लागलाय. हिशेब करून पाहिला: दीड मीटरवर, एफ/२.८ ला हेलिओसची फोकसची खोली (पुढे-मागे जेवढं धारदार दिसतं ते अंतर) साधारण ११ सेंटिमीटर येते, ज्युपिटरची जेमतेम पाच. आईचं अख्खं कपाळ हेलिओसच्या खोलीत मावतं, म्हणून चेहरा एकसंध राहतो. मावशीला बहुधा तेच विरत जाणं आवडलं.

आईने एक प्रिंट देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, बाबांच्या फोटोजवळ ठेवलीय. बाबांचा फोटो १९७८ सालचा, दादरच्या एका स्टुडिओतला, सहीच्या जागी नुसता शिक्का. आज पहिल्यांदा तो खाली काढून नीट बघितला. केसांभोवती तीच किनार आहे. आणि डाव्या भुवईवर, तिरका धरून बघितलं की दिसतं, पेन्सिलीचं बारीक काम. निगेटिव्ह काका, बाबांना तिथे लहानपणी पडल्याची खूण होती. आईलाही आज कळलं की फोटोत ती कधी नव्हतीच.

पुढच्या रविवारी झाडाखाली मावशीचे काढणार आहे. ज्युपिटर मित्राकडून आणखी एक आठवडा मागून घेतलीय.